गळाला काय लागलं?

शुक्रवारी रात्री साडेअकराला ग्रुपवर मेसेज पडला : 'उद्या सहाला स्वारगेट. सॅक, गळ, स्वेटर. कारणं चालणार नाहीत.' पाठवणारा आमचा सीए. मार्च सोडला तर उरलेले अकरा महिने हा माणूस कुठेतरी पळायच्या तयारीतच असतो. बाकी आम्ही तिघं म्हणजे मी, आर्किटेक्ट मैत्रीण आणि आमचा टेस्टर. कॉलेजपासूनची गँग. हल्ली भेटतो ते पबमध्ये, जिथे समोरच्याचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागतं!

डिसेंबरची थंडी, भोरची एसटी, कात्रजचा बोगदा आणि तासाभरात कापूरहोळ. पुण्यापासून चाळीसेक किलोमीटर. आपल्यासाठी कापूरहोळ म्हणजे हायवेवरचा एक फाटा. डावीकडे नारायणपूर-सासवड, उजवीकडे भोर, सरळ सातारा. मिसळ हाणायची आणि सुटायचं. पण हे धाराऊचं गाव, हे किती जणांना माहीत असतं? १६५७ साली पुरंदरावर संभाजीराजे जन्मले. त्यांना दूध पाजणारी धाराऊ गाडे इथलीच. इथून तीसेक वेळा गेलोय, पण मला हे त्या दिवशी चहावाल्या मावशींनी सांगितलं.

भोरच्या अलीकडे भाटघर. वेळवंडी नदीवरचं हे दगडी धरण ब्रिटिशांनी बांधलं, १९२८ मध्ये ते पूर्ण झालं. तेव्हाचं नाव लॉइड डॅम. आता जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे आणि ते शोभतंही, कारण कंकांचं भुतोंडे गाव याच खोऱ्यात आहे. पोटात साडेतेवीस टीएमसी पाणी! ते जातं नीरेच्या कालव्यांतून बारामती-फलटणकडच्या उसाला. काठावरच्या वाड्यांची मात्र मे महिन्यात गत 'धरण उशाला, कोरड घशाला'.

भोरमधून वडाप पकडून कांबऱ्याच्या बाजूला उतरलो आणि सॅक पाठीवर टाकून काठाकाठाने चालत सुटलो. पाण्याखाली कुठेतरी कांबरेश्वराचं जुनं देऊळ होतं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते बाहेर येतं, पाऊस आला की पुन्हा बुडतं. एका शेतकरी बाबांना विचारून त्यांच्या बांधालगत तंबू ठोकले. गळ टाकायचं विचारलं तर म्हणाले, "सोसायटीच्या माणसाला इचारा. पानी सरकारचं, पर मासा सोसायटीचा." म्हणजे धरणातल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार संस्थेकडे. रीतसर विचारलं, मगच काठ्या काढल्या.

तयारी कसली? बांबूची काठी, तंगूस, गळ, थर्माकोलचा तुकडा आणि हळद घालून मळलेली कणीक. स्वप्नं मात्र महासीरची! सीएने लगेच लेक्चर दिलं. दख्खनी महासीरचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्सने १८३९ मध्ये केलं, तेही पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. पुढे धरणं आणि सांडपाण्यापायी नद्यांची रया गेली, तेव्हा लोणावळ्याजवळ टाटा पॉवरने १९७० च्या दशकापासून महासीरची पिल्लं वाढवायला घेतली. अस्सल पुणेकर मासा आणि आपण पुणेकरांनी तो पाहिलेलासुद्धा नाही!

दुपारचे चार वाजले. थर्माकोल ढिम्म. टेस्टर पँट दुमडून पाण्यात उतरायला लागला, तसे बाबा ओरडले, "पोरा, मागं हो! काठ सपाट दिसतोय, खाली दरड हाय." २०२२ च्या मे महिन्यात याच बॅकवॉटरमध्ये पाच तरुणी बुडाल्या होत्या. आम्ही गपचूप काठावर बसलो.

रेंज नव्हती. गाणी लावायची नाहीत, मासे पळतात, हा सीएचा नियम. असं दोन तास नुसतं पाण्याकडे बघत आपण शेवटचं कधी बसलो होतो? आणि अचानक टेस्टर म्हणाला, "मला सप्टेंबरमध्ये काढलं."

कुणीच काही बोललं नाही. थर्माकोल हलत होता, पण काठी कुणी उचलली नाही.

एचआरचा पंधरा मिनिटांचा कॉल, संपलं. तेव्हापासून हा रोज सकाळी लॅपटॉप घेऊन एका अभ्यासिकेत जाऊन बसतो, रूममेटला कळू नये म्हणून. कराडला आईला फोनवर सांगतो, खूप काम आहे. या तीन महिन्यांत आम्ही चारदा भेटलो होतो. चारही वेळा मी त्याला विचारलं होतं, "काय, कसं चाललंय?" आणि उत्तर यायच्या आत स्टार्टर्स मागवले होते.

रात्री बाबांच्या घरची भाकरी-पिठलं आलं. सीएने शेकोटीशी बसून त्याचे हप्ते, शिल्लक, पीएफ असा हिशोब मांडला. पाच महिने निघतील, म्हणाला. आर्किटेक्टने त्याचा सीव्ही मागून घेतला. मी नुसता ऐकत बसलो. त्या रात्री तेवढंच जमलं.

रविवारी वरंध घाटाच्या रस्त्याने नीरा-देवघरचा जलाशय गाठला. डोंगरांच्या कुशीतलं निळंशार पाणी, चिटपाखरू नाही. इथेही आधी परवानगी काढली आणि तिथे एकदाचा मासा लागला. महासीर नव्हे, तळहाताएवढी चिलापी! टेस्टरने गळ सोडवला आणि तिला परत पाण्यात सोडलं.

परतीला कापूरहोळ फाट्यावर चहाला उतरलो. पुण्याची एसटी आली. टेस्टर काही चढला नाही. सॅक खांद्याला लावून म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. मी कराडला जाऊन येतो." सोमवारी त्याला ऑफिस नव्हतंच. खिडकीतून मागे पाहिलं, तर तो हायवे ओलांडून साताऱ्याच्या बाजूला उभा होता.

कसं जाल? स्वारगेटहून भोरची एसटी, पुढे वडाप किंवा स्वतःची गाडी. हिवाळा उत्तम; पावसाळ्यात वरंध घाट बऱ्याचदा बंद असतो. गळ टाकण्याआधी मच्छीमार संस्थेची आणि तंबूसाठी जमीनमालकाची परवानगी घ्या. पाण्यात उतरू नका, कचरा परत आणा. आणि हो, स्पीकर घरीच ठेवा!