शेवटचे दहा सेकंद

लास वेगासची शनिवार रात्र आपल्याकडे रविवारच्या सकाळी उजाडते. यूएफसी या पिंजऱ्यातल्या लढतींच्या स्पर्धेचा तीनशेवा कार्यक्रम तिथल्या टी-मोबाइल अरीनात रंगला, तेव्हा इथे १४ एप्रिल २०२४ होती. गल्लीत भीमजयंतीचे निळे झेंडे फडकत होते. पहिल्या लढतीला तर पुरतं फटफटलंही नव्हतं. एकामागून एक तेरा लढती, आणि उतरणाऱ्यांत कितीतरी आजी-माजी विजेते. असा दिवस या खेळाच्या वेड्यांना क्वचित लाभतो.

सुरुवातीलाच जिम मिलर दिसला आणि गळ्यात काहीतरी दाटलं. शंभरावा, दोनशेवा आणि तीनशेवा, या तिन्ही कार्यक्रमांत लढलेला तो एकटाच. चाळिशीचा माणूस. लाइम रोगाने अंग पोखरलेलं असतानाही वर्षानुवर्षं लढत राहिलेला. बॉबी ग्रीनने त्याला तीन फेऱ्या बदडला. चेहरा रक्ताने माखला, गुणांवर हरला, पण शेवटच्या घंटेपर्यंत तो पुढेच सरकत होता. मिलरच्या नावापुढे कधी पट्टा लागला नाही. माझ्या लेखी त्या रात्रीचं दार त्याने उघडलं.

नाश्त्याच्या वेळेला काका येऊन बसले. काकांचं तारुण्य कोल्हापूरच्या खासबाग मैदानात गेलेलं. पाठ मातीला लागली की कुस्ती निकाली, हा त्यांच्या डोळ्यांना लागलेला नियम. जमिनीवर पडलेल्याच्या छातीवर बसून कुणी ठोसे मारू लागला की ते अस्वस्थ होतात. "अरे, उताणा पडला ना तो? मग आणखी काय मारायचं त्याला?" त्यांच्या या प्रश्नावर माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही. एवढंच सांगता येतं, की या पिंजऱ्यात पाठ टेकलेला माणूस संपलेला नसतो. १९९३च्या नोव्हेंबरात डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली. तिथे रॉइस ग्रेसी नावाच्या सडपातळ ब्राझिलियनाने एका रात्रीत तिघांना शरण आणलं आणि जमिनीवरच्या डावांची ताकद जगाला दाखवली. त्याच मातीतला चार्ल्स ऑलिव्हेरा. प्रतिस्पर्ध्यांना शरण आणण्याचा यूएफसीतला विक्रम त्याच्या नावावर आहे. अर्मान त्सारुक्यानची मान त्याने पहिल्याच फेरीत कवळ्यात धरली, तेव्हा काका खुर्चीच्या कडेला आले. अर्मानने ती कशीबशी सोडवली आणि पुढे विभागून आलेल्या निकालात लढत जिंकली. काका म्हणाले, "मान बळकट आहे पोराची. तालमीत मेहनत केलेली दिसते."

या खेळात मला सर्वांत प्रिय काय असेल, तर ती हाताची थाप. गळा आवळला गेलाय, हात मोडायच्या बेतात आहे, अशा वेळी हरणाऱ्याने दोनदा हलकेच थोपटलं की पंच धावतो आणि पकड सुटते. एवढ्या रागात, एवढ्या ताकदीत त्या हलक्या स्पर्शाचा मान राखला जातो. हे मी काकांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण उठलेही नाहीत.

आणि मग मॅक्स हॉलोवे आला.

हवाई बेटांवरच्या वाइआनाए गावचा हा पोरगा. ६६ किलो गटाचा माजी विजेता. त्या रात्री तो ७० किलोत चढून जस्टिन गेजीसमोर उभा होता. गेजी ॲरिझोनातल्या खाणकामगारांच्या घरातला. त्याच्या हातात दगड फोडायचं बळ आहे, आणि ज्याला तो लागतो त्याची शुद्ध बहुधा जातेच. मनातून मी हॉलोवेसाठी घाबरलो होतो. पण पहिली फेरी संपता संपता त्याची गिरकी घेऊन मारलेली लाथ गेजीच्या तोंडावर बसली आणि नाक मोडलं. त्यानंतरच्या फेऱ्या म्हणजे संततधार. हॉलोवे कोन बदलत होता, मारत होता, सरकत होता, पुन्हा मारत होता. गेजी तोंडाने श्वास घेत प्रत्येक फेरीला उठत होता. पाचव्या फेरीत हॉलोवे गुणांवर स्पष्ट पुढे होता.

फेरीचे दहा सेकंद उरले की लाकडी फळ्यांचा इशारा होतो. तो झाला. आता हॉलोवेने फक्त मागे सरकत राहायचं होतं. कुणी नाव ठेवलं नसतं. त्याने काय केलं? पिंजऱ्याच्या मधोमध उभं राहून दोन्ही हातांनी पायाखालच्या जमिनीकडे बोट दाखवलं: ये, इथे ये. चोवीस मिनिटं मार खाल्लेल्या माणसाला त्याने शेवटची संधी दिली, आणि ती स्वतःच्या कमाईतून दिली. गेजी आलाच. न येणारा तो नव्हेच. दोघंही डोळे मिटल्यासारखे हात चालवत होते. मी उभा राहून ओरडत होतो, काय ते आठवत नाही. घड्याळात एक सेकंद उरला असताना हॉलोवेचा उजवा हात लागला आणि गेजी तोंडावर कोसळला. अधिकृत नोंद पाचवी फेरी, ४ मिनिटं ५९ सेकंद.

आनंद आणि धसका एकाच क्षणी होतात हे मला या खेळाने दाखवलं. घसा आनंदाने बसला होता आणि डोळे गेजीवर खिळले होते, ऊठ बाबा, हालचाल कर. तो शुद्धीवर आला तेव्हा कुठे मी खाली बसलो. काका म्हणाले, "हा हॉलोवे पैलवान आहे." त्यांच्या तोंडून याहून मोठी पदवी मी ऐकलेली नाही.

त्यानंतरचं फारसं अंगाला लागलं नाही, खरं सांगतो. पहिल्या फेरीअखेर गळा आवळला जाऊन जवळजवळ शुद्ध हरपलेली यान शाओनान पुन्हा उठली आणि झांग वेलीशी पाचही फेऱ्या लढली, हे एरवी महिनाभर मनात घोळलं असतं. ॲलेक्स परेराने तर जमाल हिलची लाथ खाल्ल्यावर मध्ये येऊ पाहणाऱ्या पंचाला हातानेच थांबवलं आणि लगोलग डाव्या हाताने हिलला आडवं केलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात अबू धाबीला इलिया तोपुरियाने हॉलोवेसमोर लढत सुरू होताच तेच बोट जमिनीकडे दाखवलं. मला ते आवडलं नाही. अजून एक थेंब घाम गळलेला नसताना, हातचं काहीच गमवायचं नसताना ती खूण करण्यात काय आहे? हॉलोवे तिला बधला नाही, योग्यच केलं. तिसऱ्या फेरीत तोपुरियाने त्याला झोपवलं. कारकिर्दीत पहिल्यांदाच हॉलोवे असा ठोशाने बाद झाला, आणि तो सबंध रविवार मला जेवण गेलं नाही.

मग जुलै २०२५. न्यू ऑर्लिन्स, डस्टिन पोरियेची निरोपाची लढत, समोर हॉलोवे. पुन्हा पाच फेऱ्या, पुन्हा हॉलोवे पुढे. शेवटचे दहा सेकंद उरले, हॉलोवेचं बोट जमिनीकडे गेलं, आणि पोरिये घंटा वाजेपर्यंत त्याच्यासमोर हात चालवत उभा राहिला.