दिल्ली पासिंग, डिझेल

एका आरसीवर छापलेल्या दोन तारखा अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत. नोंदणी फेब्रुवारी २०१४, वैधता फेब्रुवारी २०२९. सरकारी कार्डावर, सरकारी छपाईत. आणि त्या कार्डाच्या मालकीणबाई, सत्तरी ओलांडलेल्या दिल्लीच्या सर्जन, मला शांतपणे सांगत होत्या की फेब्रुवारी २०२४च्या आत गाडी दिल्लीबाहेर गेली नाही तर ती रस्त्यावर काढता येणार नाही. पंधरा वर्षांचा रोड टॅक्स त्यांनी पहिल्याच दिवशी भरलेला. तोही डिझेल म्हणून पेट्रोलच्या सव्वापट दराने. म्हणजे डिझेल आहे म्हणून जास्त पैसे घेतले, आणि डिझेल आहे म्हणूनच पाच वर्षं कमी दिली.

मी कराडचा. पाटणच्या वरच्या पठारांवर पवनचक्क्यांच्या देखभालीची कंत्राटं घेतो. वांकुसवड्याचं पठार ज्यांनी पावसाळ्यात पाहिलंय त्यांना फोर बाय फोर कशाला लागते हे सांगायला नको. तोवर जीपवर भागवलं. पन्नाशी झाली, कंबर बोलायला लागली, तेव्हा ठरवलं की आता एअर सस्पेन्शनची, चामड्याच्या सीटची, मोठी गाडी घ्यायची. नवी परवडणार नव्हती, म्हणून जुनी. मेक-मॉडेल लिहीत नाही. लिहिलं की लोक मुद्दा सोडून कंपनीवरून भांडतात.

प्रश्न एवढाच होता की पेट्रोल की डिझेल. पुण्यात बाणेरला त्याच मॉडेलची पेट्रोल गाडी होती, २०१५ची, सहा सिलिंडरची, आवाज असा की चालू आहे की बंद ते कळू नये. मालकाने प्रामाणिकपणे सांगितलं, शहरात सहाचं अॅव्हरेज. बायकोला तीच आवडली. "अहो, तुमचं डिझेलचं धुराडं पुरे झालं आता, पेट्रोल घ्या." मेहुणा ऊसवाला, तो तर पेट्रोलच्या बाजूने हट्टालाच पेटला. "दाजी, आपल्याच उसाचं इथेनॉल त्यात घालत्यात. ते तुम्हाला चालंना व्हय?"

उसाबद्दल माझं काही म्हणणं नाही, कृष्णाकाठी राहून कसं असेल? पण २०१५ची गाडी वीस टक्के इथेनॉलसाठी बनवलेली नव्हती. आपल्याकडे तसे रबरी पाइप, सील, वॉशर घातलेल्या गाड्या २०२३पासून यायला लागल्या. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच लिहिलंय की जुन्या चारचाकीचं अॅव्हरेज वीस टक्के मिश्रणावर सहा-सात टक्क्यांनी पडेल. सहाच्या अॅव्हरेजमधून सहा टक्के गेले तर फार बिघडत नाही म्हणा. आधीच एवढं वाईट की आणखी काय वाईट होणार!

गॅरेजच्या मिस्त्रीला विचारलं तर त्याने उलटा प्रश्न टाकला, "गाडी एका वेळी किती पळणार?" मी सांगितलं, सकाळी कराड सोडलं की पाटण, मग पठार, कधी कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला बहिणीकडे. "मग डिझेल घ्या. पोरीला पुण्यात कॉलेजला न्यायला देणार असाल तर पेट्रोल." एवढं बोलून तो परत गाडीखाली गेला.

त्याचं म्हणणं पुढे मला नीट समजलं. २०२०पासून बीएस-६ आलं, तेव्हापासून डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेत काजळी धरणारी गाळणी असते. ती साचली की गाडी स्वतःच ती जाळून काढते, पण त्यासाठी धूर सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो. कोथरूड ते डेक्कन एवढ्या फेरीत तो तापतच नाही. काजळी साचते, दिवा लागतो, आणि शोरूमवाला हिशेबाचा कागद पुढे करतो. २०१४च्या बीएस-४ डिझेलमध्ये कित्येकांना ही गाळणी नव्हतीच. मी बघत होतो त्या गाडीलाही नव्हती. म्हणजे गाडी जितकी जुनी आणि हवेला जितकी घाण, तितकी मालकाच्या खिशाला सोपी. हे बोलायला बरं वाटत नाही, पण निवड करताना मी तेच धरून चाललो होतो.

दिल्लीच्या गाडीची खबर एजंटने दिली. "सिंगल ओनर, एक्केचाळीस हजार रनिंग, दिल्ली पासिंग, दहा वर्षं भरत आलीत." पुण्यात तसल्याच डिझेलला जो भाव होता त्याच्या निम्म्याने. कारण सगळ्यांना ठाऊक आहे: राष्ट्रीय हरित लवादाने २०१५मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यात बंदी केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये ती कायम ठेवली, पेट्रोलला पंधरा वर्षं. तेव्हापासून दिल्लीची नववं वर्ष लागलेली डिझेल म्हणजे सगळ्या देशाचा सेल होता.

मी गेलो नोव्हेंबर २०२३मध्ये. विमानतळाबाहेर आलो आणि घसा धरला. आकाश नव्हतंच, नुसता पिवळट पडदा. डॉक्टरबाईंच्या सोसायटीत पोचलो, चहा झाला, आणि मी म्हणालो, एक चक्कर मारून बघू या. बाई हसल्या. प्रदूषण वाढल्यामुळे निर्बंध लागू होते आणि बीएस-४ डिझेल चारचाकी रस्त्यावर आणायला बंदी होती. सापडली तर वीस हजार दंड. विकायला काढलेली गाडी विकत घेणाऱ्याला चालवून दाखवता येत नव्हती!

मग आम्ही तळघरात उतरलो. ती गाडी मी तिथेच पारखली. आधी बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री केली, कारण कुणी आधीच गरम करून ठेवलं असेल तर सुरुवातीचा खडखडाट लपतो. चालू केली. पहिल्या क्षणाला थोडी करकर, मग सपाट. मागे पांढरा रुमाल धरला, काळा झाला नाही. ऑइलचं झाकण उघडून बघितलं, वाफ जोरात येत नव्हती. एअर सस्पेन्शन वर केलं, खाली केलं, पंपाचा आवाज ऐकला, मग तिथेच बाईंशी गप्पा मारत उभा राहिलो आणि एखादा कोपरा बसतो का ते बघत राहिलो. लो रेंज टाकली आणि तळघराच्या उतारावरून गेटपर्यंत वर, तिथून रिव्हर्सने खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. वॉचमन बघत होता. गेटच्या पलीकडे एक हात पुढे गेलो असतो तर दंड. एवढी अवजड गाडी, दोन हजार आरपीएमच्या आत सगळं बळ देणारं इंजिन, आणि मी ते पार्किंगच्या रॅम्पवर जोखत होतो.

बाईंनी सर्व्हिसची सगळी बिलं फायलीत लावलेली होती. हॉस्पिटल जवळच, त्यामुळे गाडी वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर चालायची, बहुतेक उन्हाळ्यात डोंगराकडे. मी विचारलं, राग येत नाही? त्या म्हणाल्या, मी पोटाची डॉक्टर आहे, पण माझ्याकडे येणारे पेशंट या दिवसांत खोकत येतात, मी कुठल्या तोंडाने रागवू? एवढं म्हणून त्या थांबल्या आणि मग म्हणाल्या, पण माझ्या खालच्या मजल्यावरच्याची आठ वर्षांची गाडी तीन लाख किलोमीटर पळालीय, तिला अजून दोन वर्षं मोकळीक आहे.

मला आजही याच गोष्टीचा संताप येतो. नियम गाडीचं वय मोजतो, ती किती पळाली ते बघत नाही, नळीतून काय सोडते ते तर नाहीच. बरं, पीयूसीवर सोडावं म्हटलं तर तिथेही डिझेलचा फक्त धुराचा काळेपणा बघतात. नायट्रोजनच्या ज्या ऑक्साइडसाठी डिझेलला शिव्या बसतात ते मोजतच नाहीत. मोजायची सोय करायची नाही आणि कॅलेंडर बघून निकाल द्यायचा. याआधी डिसेंबर २०१५मध्ये न्यायालयाने तिथे दोन हजार सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नवी नोंदणी थांबवली, तेव्हा महिंद्राने महिन्याभरात १९९० सीसीचं इंजिन आणलं होतं. दहा सीसीने हवा किती स्वच्छ झाली असेल? त्यात कंपनीला मी दोष देत नाही. नियम सीसीचा, तर उत्तरही सीसीचंच मिळणार. ऑगस्ट २०१६मध्ये एक टक्का अधिभार घेऊन ती बंदी उठलीच.

आता कुणी म्हणेल, मग तू ती गाडी निम्म्या भावात घेतलीस कशी? घेतली. घासाघीससुद्धा केली. बाईंवर अन्याय होतोय असं मनापासून वाटत असतानाच मी आणखी पन्नास हजार कमी करून घेतले, आणि त्यांनी ते केले.

एनओसीच्या कथेत शिरत नाही. एजंट असतो, फोन उचलत नाही, मग उचलतो, कागद येतो. नोव्हेंबर संपता संपता निर्बंध उठले आणि मी गाडी बाहेर काढली. दिल्लीचा राष्ट्रीय महामार्ग ४८ जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, मुंबई करत कराडवरूनच पुढे जातो, त्यामुळे रस्ता विचारायची गरज नव्हती. मोकळ्या रस्त्याला बाराच्या वर अॅव्हरेज मिळालं. बाणेरच्या पेट्रोलने तेवढ्यात जास्त वेळा टाकी भरायला लावली असती.

पण महाराष्ट्रात आल्यावर टॅक्स. नवीन माणसाला इथे धक्का बसतो, म्हणून सांगून ठेवतो: परराज्यातली गाडी आणली की आपल्याकडे पुन्हा एकरकमी कर, आणि तो तुम्ही मोजलेल्या किमतीवर नाही, गाडी नवी असतानाच्या किमतीवर, वयाप्रमाणे सूट देऊन. वीस लाखांवरच्या गाडीला पेट्रोल असेल तर तेरा टक्के, डिझेल असेल तर पंधरा. इथेही डिझेलला दोन टक्के जादा. दिल्लीच्या स्वस्ताईतला मोठा घास तिथेच जातो, म्हणून सौदा करायच्या आधी आरटीओत आकडा काढून घ्यावा. मी काढला होता, तरी भरताना हात जड झाला.

पहिल्या पावसात गाडी पठारावर नेली. लाल चिखलात, धुक्यात, पेट्रोलला इंजिन ओरडवत न्यावं लागलं असतं तिथे ही पाय न लावता चढत गेली. उतारावर लो रेंजमध्ये ब्रेकला पाय लागला नाही. बायको तेव्हापासून पेट्रोलचं नाव काढत नाही, फक्त पंपावर मी उतरलो की काच वर करते. मुलीने मात्र पुण्यासाठी गाडी मागितली तेव्हा मी तिला पेट्रोल हॅचबॅकच घेऊन दिली, आणि मेहुण्याने ते गावभर सांगितलं.

मग २०२५. जुलैच्या पहिल्या तारखेपासून दिल्लीत मुदत संपलेल्या गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं. आठवड्याभरात ते पुढे ढकललं. आणि १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निव्वळ वयाच्या कारणावरून अशा गाड्यांच्या मालकांवर तूर्त सक्तीची कारवाई करू नका. मी ते वाचून डॉक्टरबाईंना फोन केला. म्हणजे करावासा वाटला म्हणून केला, काय बोलायचं ठरवलं नव्हतं. त्या म्हणाल्या, थांबले असते तर गाडी आज दारात असती, नाही? मग लगेच म्हणाल्या, तुमच्याकडे वापरली तरी जाते, इथे तळघरात होती. मला बरं वाटावं म्हणून बोलल्या हे कळत होतं.

त्याच आठवड्यात माझ्या कंत्राटातल्या जोडीदाराला गाडी हवी होती, अशीच, डिझेल, दिल्लीची. मी एजंटला फोन लावला. "साहेब, आता कोण देतंय त्या भावात? सगळे धरून बसलेत. कोर्टाने घोळ केला." आणि दोन वर्षं ज्या नियमाच्या नावाने मी चारचौघांत बोटं मोडत होतो तो सैल झाला म्हणून मलाच चीड आली. जोडीदाराला म्हटलं, बाणेरची ती पेट्रोल अजून विकली गेली नसेल, विचारून बघ.