कावळ्याकडे बघताना

घोडपदेवला राहून पक्षी बघतो म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग शिवडीच्या फ्लेमिंगोंची चौकशी करतात. त्यांचं फारसं चुकत नाही. एका अंगाला रे रोड, दारूखान्याच्या लोखंडाच्या आणि लाकडाच्या वखारी, दुसऱ्या अंगाला भायखळ्याकडे जाणारा रस्ता, मध्ये चाळी, म्हाडाच्या इमारती आणि आता त्यांच्या डोक्यावरून वर निघालेले टॉवर. इथे पक्षी म्हणजे कावळा, कबूतर, घार आणि नशिबात असेल तर चिमणी. त्यात गॅलरीत दुर्बीण घेऊन उभं राहिलं की समोरच्या चाळीतल्या खिडक्या एकेक करून बंद होतात. आमच्याकडच्या पक्षीनिरीक्षणातली खरी अडचण ही आहे; पक्ष्यांची टंचाई नव्हे.

आणि मुंबईत या अभ्यासाची मुहूर्तमेढ रोवली गेली तीही आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी. 15 सप्टेंबर 1883 रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे राणीच्या बागेला लागून असलेल्या आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोघे आपले होते, दोघेही डॉक्टर: प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. तिसरा एक साहेब होता, एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. जन्म साताऱ्याचा, नोकरी मीठ आणि जकात खात्यातली. या माणसाने वाघ-बिबट्यांच्या वाटेला न जाता मुंबईतल्या रोजच्या पक्ष्यांवर लिहिलं आणि 1900 साली त्याचं मुंबईच्या सामान्य पक्ष्यांवरचं पुस्तक निघालं. कावळा, घार, साळुंकी, चिमणी ही त्याची पात्रं. आज राणीच्या बागेत पेंग्विन बघायला तिकिटाची रांग लागते, तेव्हा त्या रांगेच्या डोक्यावरून फिरणाऱ्या घारीकडे बघून मला हमखास एटकेनची आठवण होते.

हल्ली पक्षीनिरीक्षणाला चांगले दिवस आले आहेत. कॅमेरे आले, ई-बर्डसारखी ॲप आली, रविवारी पहाटे गाड्या भरून माणसं कर्नाळ्याला आणि भिगवणला जातात. त्यातून जमणाऱ्या नोंदी शास्त्रज्ञांच्या कामाला येतात, हे मान्य. पण या मंडळींचं बोलणं ऐकावं तर सगळा हिशोब आकड्यांचा. आज किती झाले, लाइफर म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेले किती, अमक्याला तो मिळाला, मला नाही मिळाला. पक्षी ‘मिळाला’ की फोटो, फोटो झाला की पुढचा पक्षी. तो काय करत होता, हे विचारलं तर उत्तर येतं, ‘फांदीवर बसला होता.’ पक्षी ओळखणं ही अभ्यासाची पहिली इयत्ता आहे, आणि बहुतेक जण आनंदाने तिथेच मुक्काम ठोकतात.

वागणूक कळायची तर एकाच पक्ष्याकडे पुन्हा पुन्हा बघत राहावं लागतं, आणि त्यासाठी तो समोर असावा लागतो. घोडपदेवला समोर असतो तो कावळा.

आमच्या चाळीपुढे एक सोनमोहोर आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून त्याचा शेंडा डोळ्यांच्या रेषेत येतो. एप्रिलमध्ये त्यावर कावळ्यांची जोडी घरटं बांधते. पहिली सामग्री काड्यांची नसते, तारांची असते. भंगाराच्या वखारी हाकेच्या अंतरावर असल्यावर दुसरं काय होणार! चोचीत हातभर तार घेऊन कावळा फांद्यांच्या दाटीत शिरायला बघतो. तार आडवी येते, अडते. मग तो मागे सरतो, मान तिरकी करतो, चोच तारेवरून सरकवत एका टोकाला आणतो आणि तार उभी धरून आत शिरतो. हे सगळं तो दोन-तीन खटपटींत जमवतो. तार निसटून खाली पडली तर मात्र सहसा उचलायला येत नाही. जाऊन दुसरी आणतो. त्यामुळे त्या दिवसांत झाडाखाली काड्या-तारांचा खच पडलेला असतो आणि झाडूवाल्या मावशी कावळ्यांचा आणि माझा एकत्र उद्धार करतात. तारांचा सांगाडा झाला की आत मऊ थर. आमच्या मजल्यावरच्या निम्म्या पायपुसण्यांचा काथ्या त्या घरट्यात गेलेला आहे.

अंडी चार-पाच, फिकट निळसर हिरवी, त्यांवर तपकिरी ठिपके. एक बसतो, दुसरा जवळच्या तारेवर पहारा देतो. नर कुठला आणि मादी कुठली हे नुसतं बघून सांगता येत नाही. दोघं सारखीच दिसतात आणि कामंही वाटून घेतात.

मग येतो कोकीळ. गातो तो नर, काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि तिचा आवाज म्हणजे नुसतं तीक्ष्ण ‘किक् किक् किक्’. नर समोरच्या उघड्या फांदीवर येऊन ओरडायला लागतो आणि दोन्ही कावळे तावातावाने त्याच्या मागे लागतात. तो लांब जात नाही, पण हातीही लागत नाही. या इमारतीवरून त्या इमारतीवर त्यांना फिरवत राहतो. तेवढ्यात पानांतून मादी सरकते, घरट्यात शिरते आणि पाणी उकळायला लागतो त्याहून कमी वेळात बाहेर पडते. हा दोघांनी ठरवून खेळलेला डाव की नुसता जुळून आलेला योग, हे एकदा बघून ठरवता येत नाही. म्हणून तर दरवर्षी बघायचं.

कोकिळेचं अंडं कावळ्याच्या अंड्याहून लहान असतं आणि साधारण तेरा दिवसांत फुटतं. कावळ्याचं सोळा-सतरा दिवसांनी. एवढी आघाडी तिला पुरते. युरोपातल्या कोकिळेचं पिल्लू यजमानाची अंडी पाठीवर घेऊन घरट्याबाहेर ढकलतं, आपल्याकडचं सहसा तसं करत नाही. ते कावळ्याच्या पिल्लांबरोबरच वाढतं, फक्त आधी जन्मल्यामुळे घास आधी पटकावतं. मोठेपणी फळांवर जगणाऱ्या पक्ष्याचं हे पोर आमच्या इथे पाव आणि सुक्या बोंबलावर वाढतं. वाढतं कावळ्यांत, दिवसभर ऐकतं ती काव काव, आणि तरी वेळ आली की बरोबर आपल्याच जातीचं गातं. त्याला कुणी शिकवलेलं नसतं. ते गाणं तो अंड्यातूनच घेऊन आलेला असतो.

पिल्लं उडायच्या बेतात आली की कावळे माणसांच्या डोक्यावर झडप घालायला लागतात. मग आमच्याकडे शनीची आणि साडेसातीची चर्चा सुरू होते. एका वर्षी चाळीतल्या एका पोराने खाली पडलेल्या पिल्लाला काठीने डिवचलं. पुढे कित्येक दिवस कावळे त्याच्या एकट्याच्याच डोक्यावर येत. शर्ट बदलला, टोपी घातली, उपयोग नाही. शेवटी तो भर उन्हात छत्री घेऊन क्लासला जायला लागला. अमेरिकेत सिएटलला जॉन मार्झलफ या प्राध्यापकाने मुखवटे घालून कावळे पकडले आणि सोडून दिले, तर पुढची कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की तिथले कावळे कालवा करत. तो कावळा वेगळ्या जातीचा, पण आमच्या पोराला ते संशोधन वाचायची गरज नव्हती.

भाद्रपद आला की मोबाइलवर एक संदेश फिरतो: कावळा याच महिन्यात अंडी घालतो, पिल्लांना अन्न मिळावं म्हणून पूर्वजांनी पितृपक्ष ठेवला. वाचायला छान आहे. पण मुंबईतला कावळा घरटं करतो तो पावसाआधी, प्रामुख्याने एप्रिल ते जूनमध्ये. भाद्रपदात त्या वर्षीची पोरं आईबापांबरोबर गच्चीवर उतरलेली असतात. ती ओळखूही येतात: पंख थरथरवत तोंड वासतात तेव्हा आतून लालसर दिसतं. श्राद्धाचं पान ठेवायला माझी काही हरकत नाही, उलट निरीक्षणाला तो उत्तम दिवस. आणि बाणगंगेवर दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही, तेव्हा गेलेल्याची इच्छा काय राहिली यावर खल करण्याआधी नातेवाइकांनी चार पावलं मागे व्हावं. कावळा नव्या वस्तूला आणि टक लावून बघणाऱ्या माणसाला बिचकतो. पिंडाभोवती माणसं जितकी जवळ, तितका तो लांब.

एकाच पक्ष्यापाशी ठिय्या देऊन काय हाती लागतं, याचा मोठा दाखला समोरच्या किनाऱ्यावर आहे. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँच जाते, तिथून पुढे किहीम. खेतवाडीत वाढलेले पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली 1930च्या पावसाळ्यात तिथे होते. एका म्युझियममधली नोकरी गेलेली, हातात वेळच वेळ. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती, ती ते शिडीवर आडोसा करून बसून रोज बघत राहिले. नर घरटं अर्ध्यावर आणून थांबतो, माद्या येऊन आतून तपासणी करतात, पसंत पडलं तर मादी मुक्काम करते आणि मग नर ते पुरं करतो. ती अंड्यांवर बसली की हा दुसऱ्या घरट्याला हात घालतो, दुसऱ्या मादीसाठी. पसंत न पडलेलं घरटं तसंच लटकत राहतं. 1931 साली सोसायटीच्या नियतकालिकात तो लेख आला. त्यांच्या लहानपणच्या पिवळ्या कंठाच्या चिमणीची गोष्ट शाळेतून सगळ्यांना पाठ असते. मला या बेकार पावसाळ्याची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

घारीबद्दल थोडंसं. भाऊच्या धक्क्यावर मासळीचा लिलाव चालू असतो तेव्हा तिच्या शेपटीकडे बघा. पंख जवळजवळ स्थिर आणि शेपूट मात्र सारखी या अंगावर, त्या अंगावर पिळत असते. वळण सगळं त्या शेपटीचं. पायात धरलेला तुकडा ती उडता उडताच मान वाकवून खाते, कारण खाली बसली की कावळे शेपूट ओढायला हजर. आणि तांबट: उन्हाळ्यात ‘टुक टुक’ चालू असतं आणि तो कुठे बसलाय ते सापडत नाही. आवाज काढताना त्याची चोच बंद असते, गळा फुगतो आणि मान इकडून तिकडे फिरत असते, म्हणून दर वेळी तो दुसऱ्याच दिशेने येतोय असं वाटतं. फ्लेमिंगो शिवडीच्या चिखलात जरूर बघावेत, चोच उलटी करून पाणी गाळण्याची त्यांची तऱ्हा अजब आहे. पण ते पाहुणे, आणि त्यांचं कौतुक करायला माणसं भरपूर आहेत.

कावळ्याचं कौतुक कुणी करत नाही, भारताबाहेर तर नाहीच. जहाजांवरून तो एडनला, पूर्व आफ्रिकेला पोहोचला. 1994 मध्ये दोन कावळे थेट हॉलंडच्या बंदरात उतरले. केनियाने तर 2024 अखेर दहा लाख कावळे मारण्याचं लक्ष्य जाहीर केलं होतं, कारण तिथल्या लहान पक्ष्यांची अंडी-पिल्लं ते फस्त करतात. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव कायद्यात त्याचं नाव उंदीर-घुशींबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होतं. 2022च्या दुरुस्तीत ती यादीच गेली आणि कावळ्याला संरक्षण मिळालं.

पण संरक्षण कागदावर मिळून भागत नाही. पावसाळ्याआधी, नेमक्या एप्रिल-मेमध्ये, फांद्या छाटायला माणसं येतात. धोक्याची फांदी काढावीच लागते. मात्र तांबटाचं बीळ असतं ते अशाच वाळलेल्या फांदीत, आणि कावळ्याचं घरटं शेंड्याला. तुमच्या दारापुढे छाटणीची गाडी उभी राहिली तर आधी गॅलरीत येऊन वर बघा. घरटं दिसलं तर त्या माणसांना दाखवा, वॉर्ड ऑफिसच्या उद्यान खात्याला फोन करा आणि धोका नसेल तर तेवढी एक फांदी पिल्लं उडेपर्यंत राहू द्यायला सांगा.