नाकातून छातीत

महाड-पोलादपूरच्या पावसाळ्यात सायनसला कुणी आजार म्हणत नाही. लावणीत दिवसभर भिजायचं, घरी यावं तर भिंतींना ओल. नाक चोंदतं, कपाळ ठणकतं, वाफारा घेतला, दुकानातून गोळी आणली की दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा चिखलात. शाळेत बाहीला पुसलेली सर्दी तरुणपणी ‘सायनसचा त्रास’ होते आणि उतारवयात मधुमेहाशेजारी येऊन बसते. जन्मभर सोबत राहणाऱ्या या दुखण्यातून फुप्फुसात रक्ताची गुठळी जाऊ शकते का? जाऊ शकते. फार क्वचित जाते, आणि म्हणूनच ती ओळखायची राहून जाते.

नाकामागच्या आणि डोळ्यांमधल्या खोल पोकळ्यांना लागून, मेंदूच्या तळाशी, कॅव्हर्नस सायनस नावाची मोठी शीर असते. पोकळीतला जंतुसंसर्ग तिच्यापर्यंत पोचला तर तिथं रक्त गोठतं. त्या दूषित गुठळीचे तुकडे मानेच्या शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला उतरतात, आणि तिथून पुढचा मुक्काम फुप्फुसच. घशाच्या संसर्गानंतर मानेची शीर अशीच गोठते आणि फुप्फुसात गळवं होतात, हे आंद्रे लेमिएर यांनी १९३६ मध्ये सविस्तर मांडलं. दुसरी वाट आडवळणाची. कुठलाही मोठा संसर्ग रक्ताला गोठण्याकडे झुकवतो. त्यात तापानं माणूस अंथरुणाला खिळला, तर पायाच्या शिरेत गुठळी धरते आणि सुटून छातीत जाते.

यावर कुणी म्हणेल, सायनस तर घरोघरी आहे, मग हे रोगी कुठे आहेत? आक्षेप रास्त आहे. प्रतिजैविकं आल्यापासून पहिली वाट बहुतेक बंद झाली. दुसरीचा पुरावाही सावधपणे वाचावा लागतो. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात श्वसनमार्गाच्या संसर्गानंतर पायाच्या शिरेतल्या गुठळीचा धोका वाढलेला दिसला, फुप्फुसाबद्दल मात्र संशोधकांनी आकडा सांगायचं टाळलं. कारण फुप्फुसातली गुठळी सुरुवातीला छातीचा संसर्ग म्हणूनच नोंदली जाऊ शकते. हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो. पण धोका मोजता आला नाही म्हणजे तो नाही, असं होत नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रानं म्युकरमायकोसिस पाहिला: नाकातून शिरलेली बुरशी रक्तवाहिनीची भिंत पोखरून तिथंच रक्त गोठवत होती. घाला मुख्यतः डोळ्यावर आणि मेंदूवर होता, फुप्फुसावर नव्हे. तरी नाकाचा आजार रक्तवाहिनीचा होऊ शकतो, हे उघड झालं.

महाड तालुक्यातल्याच बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रुजू झाले. विंचू पायाला डसतो आणि रोगी दगावतो तो हृदय थकून फुप्फुसात पाणी भरल्यानं, हे त्यांनी खाटेजवळ बसून टिपलं. तिथं गुठळीचा संबंध नाही. पण मूळ एकीकडे आणि घात दुसरीकडे, हे तपासण्यासाठी यंत्राआधी निरीक्षण लागतं, याचा तो आपल्या मातीतला दाखला आहे.

म्हणून प्रत्येक शिंकेला सीटी स्कॅन नको. पण थंडी वाजून येणारा ताप उतरत नसेल, पापण्या सुजल्या, एकाचे दोन दिसू लागले, मान एका बाजूला दुखून सुजली, तर वाफाऱ्यावर थांबू नये. आणि श्वास घेताना छातीत कळ आली, दम लागला किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर तातडीनं दवाखाना गाठून डॉक्टरांना आधीची सर्दी, तिचे दिवस आणि घेतलेल्या गोळ्यांची नावं सांगावीत. छाती दुखत असताना नाकाची गोष्ट कुणी आपणहून काढत नाही.