पडेल ते दान

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या लाल खोक्यात सहा बाजूंचा फासा एकच यायचा. कॅरेक्टर, म्हणजे खेळातलं आपलं पात्र, बनवायला लागायचे तीन. मग एक आमच्या सापशिडीतला, एक शेजारच्यांच्या लुडोतला अशी उसनवारी करून आम्ही लॅमरोडवरच्या एका जुन्या बंगल्याच्या ओट्यावर बैठक मारायचो. मे महिन्याची सुट्टी, देवळालीची कोरडी हवा, आणि मध्येच तोफखान्याच्या रेंजकडून येणारा दणका. खोकं मित्राच्या मामांनी आणलेलं, ते मर्चंट नेव्हीत होते. १९८३ सालची ती आवृत्ती. फाशांवरचे आकडे नुसते कोरलेले असत. सोबत मेणाचा खडू दिलेला, तो घासून आकडे आपले आपण भरायचे.

पद्धत सोपी होती. शंभर पानी वहीचं एक पान, त्यावर सहा ओळी: ताकद, बुद्धी, शहाणपण, चपळाई, काटकपणा, छाप. प्रत्येक ओळीसाठी तीन फासे एकदम टाकायचे आणि येईल ती बेरीज तिथंच लिहायची. क्रम बदलायचा नाही आणि पुन्हा टाकायचं नाही, हा आमचा आपापसातला करार. अठरा पडण्याची शक्यता २१६ मध्ये एक, आणि तीन पडण्याचीही तेवढीच. बहुतेकांची गाडी दहा-अकराच्या आसपास असायची. लढवय्या व्हायचं मनाशी धरून आलेल्याला ताकद सात आणि चपळाई सोळा पडली, की तो मुकाट्यानं चोर व्हायचा. पान भरलं की त्याच्याकडे बघून कळायचं, आपल्या पदरात कोण पडलंय ते.

आमच्यातला एक जण शाळेत कायम पहिला यायचा. त्याला ताकद पडली सतरा आणि बुद्धी पाच. नियमपुस्तकात स्वच्छ लिहिलेलं होतं, बुद्धी चार किंवा पाच असलेल्याला लिहिता-वाचता येत नाही. झालं, पहिला नंबरवाला निरक्षर लढवय्या झाला. एका दुपारी भुयारात तो एकटाच पुढे गेला आणि बाकीचे आम्ही मागच्या दालनात अडकलो. समोर दार, दारावर मजकूर. डीएम, म्हणजे डाव चालवणारा डंजन मास्टर, होता मित्राचा मोठा भाऊ. त्यानं तो मजकूर चिठ्ठीवर लिहून याच्या हातात दिला. उजवी कडी ओढू नका, एवढंच होतं त्यात. यानं चिठ्ठी उलटी धरली, बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "नक्षी चांगली काढलीय." मग उजवी कडी ओढली. वरून जाळी कोसळली, जीव मोजणारे त्याचे हिट पॉइंट दोनच उरले. असं वाग म्हणून त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एरवी आमच्या चुका काढणारा तो मुलगा त्या दुपारी दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगात शिरला होता. पुढे नाटकं पुष्कळ पाहिली. नट भूमिकेत शिरतो म्हणजे काय, हे मला त्या ओट्यावरच कळलं होतं.

दुसऱ्याच्या वाट्याला पुजारी आला. त्या नियमांत पुजाऱ्याला धारेचं शस्त्र वर्ज्य. तलवार नाही, भाला नाही, गदा मात्र चालेल. पुजाऱ्याच्या हातात गदा म्हटल्यावर आमच्यापैकी कुणालाही दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं, तो मारुतीचा भक्त झाला. बाकी सगळ्यांची नावं पुस्तकातल्यासारखी इंग्रजी, चित्रांत युरोपातले किल्ले, आणि त्यात हा एकटा शनिवार धरणारा. खंडोबाची टेकडी घरापासून चालत जाण्याइतकी जवळ होती, पण तिथल्या दैवताला आपण या खेळात आणू शकतो हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मारुती आला तोही नियमानं ढकलला म्हणून.

आता मागे वळून पाहताना वाटतं, हा खेळ देवळालीला मुळीच परका नव्हता. स्कूल ऑफ आर्टिलरीच्या या गावात सँड मॉडेलवर लढाई मांडणं ही रोजच्या व्यवहारातली गोष्ट. प्रशियाच्या राइसवित्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं १८२४ मध्ये नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन लष्करी अधिकाऱ्यांसाठी युद्धाचा खेळ पक्का केला. त्याच घराण्यातला आमचा खेळ. १९६९ मध्ये अमेरिकेत डेव्हिड वेस्लीनं 'ब्राउनस्टाइन' नावाच्या डावात खेळणाऱ्यांना पलटणींऐवजी एकेक माणूस दिला: कुणी बँकवाला, कुणी विद्यापीठाचा प्रमुख. कॅरेक्टर जन्मलं ते तिथं, असं मी मानतो. त्या डावात खेळलेल्या डेव्ह आर्नेसननं गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स आणला. त्याच वर्षी बीबीसीवर 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही मालिका सुरू झाली. तिची सुरुवातच देवळालीच्या छावणीत होते, तोफखान्याच्या शिपायांच्या नाटकमंडळीत. आणि नाशकात तर धुळवडीला वीर निघतात, लहान पोरांना देवाचं किंवा लढवय्याचं सोंग देऊन वाजतगाजत गोदाकाठी नेतात. सोंग घेण्याची रीत इथं आमच्या आधीपासून मुरलेली आहे.

आज माझी पुतणी हाच खेळ खेळते. तिच्या डावातला एक जण पुण्यात, एक नाशिकरोडला, एक परदेशात, आणि ती देवळालीतच, लॅमरोडवर आता उभ्या राहिलेल्या सोसायट्यांपैकी एकीत. कॅरेक्टर फोनवर बनतं. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून २७ गुण हातात घेऊन ते सहा रकान्यांत वाटता येतात. सुरुवात आठापासून, वर जास्तीत जास्त पंधरा. आठाच्या खाली कुणी जातच नाही. निरक्षर लढवय्याची वाट तिथंच बंद झाली. आमच्या वेळी हिट पॉइंट संपले की माणूस मेला, पान फाडायचं. आता मरणाच्या दारात तीन दानं अनुकूल पडली तर माणूस तगतो. चार पानांची पूर्वकथा लिहून ज्याला उभं केलंय, तो पहिल्याच खोलीत मेला तर कुणाचाही जीव तुटेल, हे मला समजतं.

पुतणीची पूर्वकथा मी वाचली. धनगराची पोर, रात्री टेकडीवर दिवटी पेटवायला गेली आणि तिथून खंडोबाची पॅलाडिन, म्हणजे व्रतस्थ योद्धा, होऊन उतरली. हातात खंडा, कपाळाला भंडारा. पाचव्या पातळीला पॅलाडिनला मंत्रानं घोडा बोलावता येतो. त्या घोड्याला कोणता रंग द्यायचा हे तिनं विचारलंसुद्धा नाही, तो पांढराच असणार होता. हल्ला करताना ती फोनसमोर येळकोट करते आणि परदेशातला मित्र तिकडून येळकोट म्हणून साथ देतो. मला हेवा वाटला, मनापासून. आमच्या लाल खोक्यात बुटका हा वंशही होता आणि धंदाही तोच. बुटका जन्मलेल्यानं दुसरं काही व्हायची सोयच नव्हती. २०२४ च्या नव्या पुस्तकात वाढीव गुण वंशावरून मिळत नाहीत, आयुष्यात काय केलं यावरून मिळतात. हा बदल फार चांगला झाला, आणि व्हायला उशीरच झाला.

पण ती पॅलाडिन पहिल्या दिवशी जेवढी होती तेवढीच आजही आहे. तिच्याबद्दल पुतणीला न कळलेलं काही उरलेलंच नाही. आमचा निरक्षर लढवय्या कोण आहे हे त्या दारापाशी पोहोचेपर्यंत त्याच्या मालकालाही माहीत नव्हतं. तो आम्हाला खेळता खेळता सापडला. ही ओळख अशी हळूहळू, अडचणीतून होत जाणं मला या खेळाचा गाभा वाटतो, आणि तो आताच्या डावांतून निसटताना दिसतो तेव्हा मला वाईट वाटतं.

मी हे तिला सांगितलं. ती ऐकून घेणाऱ्यांतली आहे. म्हणाली, "काका, मग टाकूया की एकदा तुमच्या पद्धतीनं." तिनं टाकले. ताकद तेरा, बुद्धी नऊ, शहाणपण सहा, चपळाई अकरा, काटकपणा पाच, छाप सोळा.

"काटकपणा पाच? हा तर पहिल्याच जिन्यावर मरेल."

"मरेलही."

"पण छाप सोळा आहे," ती पानाकडे बघत म्हणाली. "म्हणजे हा आजारी असणार, आणि लोकांना पटवून स्वतःचं ओझं त्यांच्या डोक्यावर देत असणार. काका, याच्याकडे पैसे किती?"

तीन फाशांची बेरीज गुणिले दहा, तेवढी सोन्याची नाणी. बेरीज सात आली, म्हणजे सत्तर. लोखंडी चिलखत साठला, तलवार दहाला, आणि मग मशालींसाठी, दोरासाठी एक नाणंही उरत नाही. चिलखताच्या जागी चामड्याचं जाकीट घेतलं तर वीसमध्ये भागतं, पण हिट पॉइंट इतके कमी असलेल्यानं चामड्यावर भागवावं का, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. तिचं म्हणणं, चिलखत घ्यायचं आणि मशाल दुसऱ्या कुणाला तरी धरायला लावायची.