रिकाम्या रकान्याचा मान

गणितात ‘चल’ म्हणजे ज्याची किंमत बदलू शकते ते. संगणकाने ही कल्पना उचलली. पण तेथील चल आपण होऊन चळत नाही. नवी किंमत मिळाली नाही, तर तो जुनीच धरून बसतो.

दुर्ग-भिलाईच्या जुळ्या शहरांतील पद्मनाभपुरात हे मला उमगले. १९५६ पर्यंत या प्रदेशाची राजधानी नागपूर होती. येथे मराठी परकी नाही. तरीही एका संस्थेच्या छापील सभासदसूचीत, परिचयातील एका मराठी वृद्धेच्या नावापुढे मातृभाषा म्हणून ‘तेलुगू’ असे होते. तिच्या आधीच्या ओळीतील गृहस्थ तेलुगूभाषक होते.

सूची एसक्यूएल सर्व्हरमधील एका स्टोअर्ड प्रोसीजरने तयार होत असे. ती एकेका सभासदाची भाषा शोधून चलात ठेवी आणि तेथून सूचीत उतरवी. वृद्धेचा अर्ज भाषेची नोंद घेण्यापूर्वीचा. ‘सिलेक्ट’च्या विधानातच चलाला किंमत द्यायची असेल आणि एकही ओळ सापडली नाही, तर किंमत देण्याची क्रियाच घडत नाही. शेजाऱ्याची भाषा चलात तशीच उरते, आणि यंत्र चुकीचा उच्चारही करीत नाही. तोच शोध कंसात घालून ‘सेट’ने किंमत दिली असती, तर चल ‘नल’, म्हणजे रिक्त, झाला असता.

दुरुस्तीला आलेल्या तरुणाने प्रत्येक फेरीत चलाची किंमत छापून पाहिली; जेथे ती बदलायला हवी होती आणि बदलली नाही, तेथेच दोष होता. मग फेरीच्या आरंभी त्याने चल रिक्त केला, आणि शोधात किती ओळी मिळाल्या तेही तपासले. नल म्हणजे शून्य नव्हे. ‘ठाऊक नाही’ असे ते निवेदन आहे. म्हणूनच एक नल दुसऱ्या नलाबरोबर आहे, असे एसक्यूएल मानीत नाही.

वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला हा दोष ओळखीचा वाटेल. संत नामदेवांच्या गाथेत त्यांच्यानंतरच्या विष्णुदास नामा या कवीचे अभंग मिसळले, आणि ते वेगळे काढण्यात संशोधकांचे आयुष्य गेले. कर्ता निश्चित ठाऊक नसला, की जवळचे नाव तेथे येऊन बसते.

रिकामा रकाना निदान प्रश्न विचारायला लावतो. चुकीने भरलेला रकाना प्रश्नच मिटवतो, आणि एक माणूस आपल्या भाषेतून निमूटपणे वजा होतो.