ती तीन वर्षे

2 ऑक्टोबर 2023
आज हाती घेतलेली फाइल 2012 ची. राहत्या घरातली घरफोडी. मूळ शिक्षा 6 वर्षे. आधीच्या एका गंभीर गुन्ह्यामुळे कॅलिफोर्नियाच्या 'थ्री स्ट्राइक्स' कायद्याने दुप्पट, म्हणजे 12. त्याच जुन्या गुन्ह्यापायी आणखी 5. वर, तीनदा तुरुंगात जाऊन आला म्हणून दर खेपेचे एक वर्ष. एकूण 20. त्या तिन्ही खेपा जवळ अमली पदार्थ सापडल्याच्या, आणि पुरत्या भोगून झालेल्या.

हे खेपेमागचे वर्ष विधिमंडळाने 2020 पासून बंद केले (काही हिंसक लैंगिक गुन्हे वगळून). 1 जानेवारी 2022 पासून ते जुन्या शिक्षांतूनही रद्द झाले. तुरुंग खात्याने न्यायालयांना याद्या पाठवायच्या, न्यायालयांनी कैद्याला वकील देऊन शिक्षा नव्याने ठरवायची. मुदत या 31 डिसेंबरपर्यंत. कैद्याने अर्ज करायची गरज नाही, हे मला सगळ्यात मोलाचे वाटते. कायदा बदलल्याचे ज्याच्या कानावरही नाही, त्याचेही नाव यादीत येते.

नागपूरला वकिली करायचे तेव्हा उलटे पाहिले होते. 2001 साली अमली पदार्थांच्या कायद्यात थोड्या मालासाठीची शिक्षा उतरली. लाभ चालू खटल्यांना. ज्यांची अपिले पडून होती त्यांना कायद्यानेच वगळले, आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. निकाल लवकर लागला म्हणून कुणी जास्त वर्षे आत काढावीत, हे मला कधीच पटलेले नाही.

11 ऑक्टोबर
अशिलाशी व्हिडिओवर बोलणे झाले. तीन वर्षे कमी होतील, एवढेच त्याला माहीत. शिक्षा उघडली की ती सगळीच उघडते, हे समजावले. ती 5 वर्षे काढायची की नाही, हे 2019 पासून न्यायाधीशांच्या हातात आहे. त्यासाठी त्याची तुरुंगातली प्रमाणपत्रे मागवली.

26 ऑक्टोबर
सरकारी वकिलांचा विरोध आला. तुरुंगातल्या सुरुवातीच्या दोन मारामाऱ्या, आणि जिथे घरफोडी झाली त्या घराच्या मालकिणीचे पत्र. अजून रात्री दोनदा उठून कडी तपासते, असे तिने लिहिले आहे. पत्र पुन्हा पुन्हा वाचले. तिची भीती खरी आहे, आणि न्यायालयात ती ऐकली जाणे हा तिचा हक्क आहे. पण ही तीन वर्षे तिच्या घरफोडीची नव्हतीच. तिच्या दाराशी त्यांचा काही संबंध नव्हता. आधीच भोगलेल्या शिक्षांचे ते दुसऱ्यांदा वसूल केलेले देणे होते. त्या घरफोडीची 12 वर्षे जागेवरच आहेत.

14 नोव्हेंबर
सुनावणी. शिक्षा कमी केल्यास लोकांच्या सुरक्षिततेला धोका होईल, असा स्पष्ट आणि खात्रीलायक पुरावा असेल तरच न्यायाधीशांना ती कमी करणे नाकारता येते. इथे पुरावा म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या दोन मारामाऱ्या. न्यायाधीशांनी पत्र मोठ्याने वाचले, मग प्रमाणपत्रे पाहिली. 3 गेली, 5 गेली, 12 राहिली. मिळालेली सूट धरता ती भोगून झाली आहेत. घरमालकिणीपासून दूर राहण्याची अट घालावी, हे आम्हीच सुचवले.

30 जून 2025
काही शिक्षापत्रांत ते जादा वर्ष लिहिलेले, पण त्याचा अंमल स्थगित. अशा कैद्यांना शिक्षा नव्याने ठरवून घेण्याचा हक्क नाही, असे काही अपील न्यायालये म्हणत होती. रोडियस खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने या महिन्यात त्यांनाही तो दिला. हेच योग्य. ते वर्ष कागदावर होते म्हणूनच तर पुढच्या प्रत्येक टप्प्यावर टांगते राहत होते. आम्ही बाजूला ठेवलेल्या फायली उद्या काढायच्या. ज्यांची सुटका जवळ आहे, त्यांच्या सर्वांत आधी.